तलावावर छत घातलं, हवेचं काय?

पिंपरी-चिंचवड महापालिकेचे पोहण्याचे तलाव बहुतेक उघड्यावरचे आहेत. नेहरूनगर, कासारवाडी, भोसरी, सांगवी, पिंपळे गुरव ही नावं इथल्या मुलांना एप्रिल-मे महिन्यांत आपोआप पाठ होतात. तलावाभोवती भिंत, कडेला कपडे बदलायच्या खोल्या आणि वर आकाश, एवढंच त्यांचं बांधकाम. पाण्याची वाफ होते ती वाऱ्यावर निघून जाते, क्लोरीनचा वास फार वेळ रेंगाळत नाही. त्यामुळे हवेची वेगळी व्यवस्था लावावी लागते, ही गोष्ट या शहराला कित्येक वर्षं माहीत करून घ्यावीच लागली नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदललं. वाकड, रावेत, पुनावळे, मोशी या पट्ट्यात वीस-वीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले आणि त्यांच्या क्लबहाउसमध्ये बंदिस्त तलाव आले. चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेलं झाली, त्यांतल्या काहींनी तलाव छताखाली घेतले. मोठ्या शाळांनी 'बारमाही पोहण्याचं प्रशिक्षण' म्हणत हॉल बांधले. माहितीपुस्तकात टाइल्स, प्रकाशयोजना आणि पाण्याचं तापमान यांचा उल्लेख असतो. हवेबद्दल एक ओळसुद्धा नसते.

मग दोन पावसाळे जातात. फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटतात, जिप्समचे बोर्ड मधोमध लोंबायला लागतात, दाराच्या बिजागऱ्या गंजतात, शेजारच्या जिमच्या काचेवरून पाण्याचे ओघळ येतात. लिफ्टमध्ये शिरलं की सहाव्या मजल्यावरही क्लोरीनचा वास येतो. सोसायटीची कमिटी रंगाऱ्याला बोलावते. रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. पुन्हा पोपडे. या सगळ्याला 'लीकेज' म्हणायची पद्धत पडली आहे आणि त्यातच मोठी चूक आहे. हे पाणी वरच्या मजल्यावरून गळत नसतं. ते खालच्या तलावातून वर चढलेलं असतं.

किती चढतं, याचा हिशेब करता येतो. २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद असा मध्यम तलाव धरू. पाणी २८ अंशांवर, हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के. हे आकडे मनाचे नाहीत. बंदिस्त तलावासाठी हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश उबदार आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के, हा जगभर मानला गेलेला शिरस्ता आहे. हवा पाण्यापेक्षा थंड असली तर बाष्पीभवन वाढतं आणि ओल्या अंगाने बाहेर येणारा पोहणारा कुडकुडतो. आर्द्रता फार कमी ठेवली तरी तेच, कारण कोरडी हवा पाणी अधिक वेगाने ओढून घेते. या परिस्थितीत, लोक पोहत असताना, तासाला साधारण ५५ लिटर पाणी हवेत जातं. तलाव रिकामा आणि संथ असेल तेव्हा त्याच्या निम्मं. दिवसाचे दहा तास वापर धरला तर चोवीस तासांत नऊशे लिटरच्या आसपास. रोज एवढं पाणी त्या हॉलच्या हवेत मिसळणार आणि ते बाहेर काढायचा रस्ता आपण ठेवला नाही, तर ते भिंतीत, छतात आणि लोखंडात जाणारच.

हवेतलं बाष्प पाणी होऊन कुठे बसेल, हे दवबिंदूवर ठरतं. ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या थोडा वर असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागाला घाम सुटणार. डिसेंबर-जानेवारीत पुणे परिसरात पहाटे पारा दहा अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळी एकेरी काचेची आतली बाजू १५ अंशांच्या आसपास येते, म्हणजे ती हमखास ओथंबणार. दुहेरी काच असेल तर आतली बाजू २२-२३ अंशांवर राहते आणि थोडक्यात निभावतं. इथपर्यंतचं शास्त्र युरोपातल्या पुस्तकांत सविस्तर आहे. त्यांचा शत्रू थंडी आहे. म्हणून त्यांची उत्तरं दुहेरी-तिहेरी काच, भिंतीतला बाष्परोधक थर आणि काचेच्या पायथ्याशी उबदार हवेचे झोत अशी आहेत.

आपल्याकडे मात्र हिवाळ्यापेक्षा पावसाळा अवघड आहे, आणि तलावाचं डिझाइन दुसऱ्या देशातून उचलून आणलं की नेमकं हेच निसटतं.

थंड प्रदेशात बाहेरची हवा बहुतेक वर्षभर कोरडी असते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ८०-९० टक्के असली, तरी थंड हवेत बाष्प मावतंच थोडं. ती आत घेऊन तापवली की ती तहानलेली होते आणि हॉलमधलं बाष्प उचलून बाहेर नेते. त्यामुळे तिथे बरंचसं काम नुसत्या ताज्या हवेवर भागतं, खर्च होतो तो ती तापवण्याचा. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र तीन वेगवेगळे ऋतू आहेत. तलाव आणि कडेची फरसबंदी मिळून पाचशे चौरस मीटरचा हॉल धरला, तर अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या 'अ‍ॅश्रे' या संस्थेच्या मानकाप्रमाणे तासाला सुमारे ४,३०० घनमीटर बाहेरची ताजी हवा आत यायला हवी. आता ही हवा तीन ऋतूंत काय करते ते बघू.

जानेवारीच्या पहाटे, बाहेर १२ अंश असताना, इथल्या एक किलो हवेत सात-साडेसात ग्रॅम बाष्प असतं. हॉलमधल्या हवेत आपण १७ ग्रॅमपर्यंत चालवून घेतो. म्हणजे प्रत्येक किलो हवा साडेनऊ ग्रॅमच्या आसपास बाष्प घेऊन बाहेर जाते. तासाला साधारण ४५ लिटर. ५५ मधले ४५ गेले, म्हणजे जवळजवळ सगळं काम नुसत्या ताज्या हवेने केलं. एप्रिलच्या दुपारी, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना, बाहेरच्या हवेत किलोमागे नऊ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं, म्हणजे तेव्हाही तासाला ३८-४० लिटर निघून जातात. तेव्हा अडचण दमटपणाची नसून उकाड्याची असते.

जुलैत मात्र गणित उलटतं. बाहेर २४-२५ अंश, सतत रिमझिम, दवबिंदू २२ अंशांच्या घरात. किलोमागे साधारण १८ ग्रॅम बाष्प. हॉलच्या हवेत आपल्याला १७ हवेत. म्हणजे ताजी हवा आत घेतली की ती बाष्प काढून नेण्याऐवजी तासाला आणखी चार-पाच लिटर आणून टाकते. जुलैत घरात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, त्याचं कारण हेच आहे. अशा हवेत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवून काही साधत नाही. खिडक्या उघडूनही नाही. हॉलमधली आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाऊन बसते, दवबिंदू २७ अंशांच्या जवळ पोहोचतो आणि मग शेजारच्या वातानुकूलित जिमची काचसुद्धा ओथंबायला लागते, कारण तीही २६ अंशांच्या आसपासच असते. आपल्याकडच्या बंदिस्त तलावात थंड पृष्ठभाग अनेकदा बाहेरच्या हवामानामुळे तयार होत नाही, तो शेजारच्या खोलीतल्या एसीमुळे तयार होतो. वास्तुविशारदाने नकाशात तलावाला लागून जिम काढली, मध्ये छान काच टाकली, तेव्हाच हा ओघळ नक्की झाला.

म्हणून या पट्ट्यात बंदिस्त तलाव बांधायचा तर दोन्ही सोयी लागतात. वर्षाचे आठ महिने बाहेरच्या हवेवर चालणारी व्यवस्था आणि जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी प्रत्यक्ष काढून टाकणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर. नुसतं पहिलं ठेवलं तर पावसाळ्यात इमारत सडते. नुसतं दुसरं ठेवलं तर विजेचं बिल बघून कमिटी ते रात्री बंद ठेवायला लागते आणि तेव्हाही इमारत सडते, जरा सावकाश. ऋतूप्रमाणे ताज्या हवेचं प्रमाण बदलणारे डॅम्पर आणि त्यांना हुकूम देणारा आर्द्रतेचा सेन्सर, एवढी अक्कल यंत्रणेत असली की बरंच साधतं. ही फार महागडी गोष्ट नाही. पण ती सुरुवातीच्या आराखड्यात असावी लागते. मागाहून तिला डक्टसाठी जागा मिळत नाही.

हवा किती, याइतकंच ती कुठून कुठे जाते याला महत्त्व आहे. अशा हॉलमधली सगळी हवा तासाला चार ते सहा वेळा यंत्रातून फिरून यावी लागते, प्रेक्षकांची गॅलरी असेल तर सहा ते आठ वेळा. हवा सोडायची ती काचेच्या आणि बाहेरच्या भिंतींच्या अंगावर, खालून वर. तिथे कोरडी, उबदार हवा सतत लोळत राहिली की काच ओली होत नाही. थेट पाण्यावर झोत मारायचा नाही, कारण वारा लागला की बाष्पीभवन वाढतं आणि पोहणाऱ्यालाही थंडी वाजते. छताच्या कोपऱ्यांत मेलेली हवा राहू द्यायची नाही. परतीची हवा काही वरून, काही खालून घ्यायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हॉलमधला दाब आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा किंचित कमी ठेवायचा, म्हणजे दार उघडलं की हवा हॉलमध्ये शिरते, हॉलमधून बाहेर पडत नाही. टॉवरच्या तळमजल्यावर तलाव असेल तर लिफ्टचा उभा बोगदा धुराड्यासारखं काम करतो आणि तलावाची हवा वरपर्यंत ओढतो. सहाव्या मजल्यावरचा क्लोरीनचा वास तिथून येतो. त्यावर दारात सुगंधी फवारे बसवण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. तो उपाय नव्हेच.

तो वास क्लोरीनचा असतो असं आपण म्हणतो, पण स्वच्छ पाण्यात योग्य प्रमाणात असलेल्या क्लोरीनला एवढा वास येत नाही. घाम, लघवी, अंगावरचं तेल, साबण यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात धड विरघळत नाही. ते पाण्यातून निसटतं आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागालगतच रेंगाळतं. पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथलाच. डोळे चुरचुरणं, खोकला, घशात खवखव ही त्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पोहण्याच्या तलावांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हवेतल्या ट्रायक्लोरामाइनसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली. बेल्जियमचे आल्फ्रेड बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास करून बंदिस्त तलाव आणि दमा यांचा संबंध असल्याची शंका मांडली. पुढे इंग्लंडमध्ये हजारो मुलांना जन्मापासून पाहत आलेल्या एका अभ्यासात तसा धोका दिसला नाही. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण रोज पाच-सहा तास त्या हवेत उभ्या राहणाऱ्या जीवरक्षकांना आणि प्रशिक्षकांना डोळ्यांचा, घशाचा त्रास होतो, हे अनेक देशांत नोंदलं गेलं आहे. आपल्याकडे हे लोक बहुतेक कंत्राटी असतात. त्यांच्या खोकल्याची नोंद कोणाच्या रजिस्टरमध्ये होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

यावरचा निम्मा उपाय पाण्याच्या बाजूला आहे. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून नीट आंघोळ. आपल्याकडे शॉवरखाली दोन सेकंद उभं राहून पाण्यात उडी मारायची रीत आहे, ती मोडली तर क्लोरामाइन पुष्कळ कमी होईल. अतिनील किरणांची उपकरणं पाण्यातलं क्लोरामाइन तोडतात, त्यांचाही उपयोग होतो. उरलेला निम्मा उपाय हवेच्या बाजूला. परतीची हवा निदान काही प्रमाणात पाण्याच्या पातळीजवळून, तलावाच्या काठच्या जाळीतून ओढून थेट बाहेर सोडायची. नुसतं छतावरून हवा ओढणाऱ्या यंत्रणेला दमटपणा काढता येईल, ही जड हवा काढता येणार नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि विसेक जणांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. तो प्रश्न थोडा निराळा आहे, कारण तो क्लोरीनच्या साठ्याचा होता. पण त्याचाही धागा हवेशी जुळतो. क्लोरीन वायू हवेच्या अडीचपट जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. त्यामुळे साठ्याच्या खोलीतला एक्झॉस्ट खाली, जमिनीजवळ असावा लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पंखा भिंतीत वर, छताजवळ बसवलेला असतो, कारण गवंड्याला पंखा वरच बसवायची सवय असते. बंदिस्त तलावाच्या शेजारी, तळघरात अशी खोली असेल तर तिथे हयगय चालणार नाही.

दमट आणि क्लोरीनयुक्त हवेने इमारतीचं काय होतं, याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. झुरिकजवळच्या उस्टर गावात १९७२ मध्ये बांधलेल्या बंदिस्त तलावाचं काँक्रीटचं छत ९ मे १९८५ रोजी कोसळलं. १२ माणसं मेली. हे जड छत वरच्या मूळ छतापासून स्टेनलेस स्टीलच्या सळयांनी टांगलेलं होतं. चौकशी झाली तेव्हा सळया तुटलेल्या सापडल्या. त्या गंजून पातळ झाल्या नव्हत्या. झालं असं होतं, की तलावाची हवा छतावरच्या पोकळीत शिरत होती. त्यातले क्लोराइड सळयांवर बसत होते. ती जागा कधी धुतली जात नव्हती, म्हणून थर साचत गेला आणि ताणाखाली असलेल्या पोलादाला बारीक भेगा पडत गेल्या. तेरा वर्षं. मग एका संध्याकाळी सगळं खाली आलं.

या घटनेनंतर युरोपात नियम बदलले. तरीही २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या एका तलावात छताला टांगलेले ध्वनिवर्धक कोसळले आणि एका तान्ह्या बाळाचा जीव गेला. तिथेही स्टेनलेसचीच टांगणी होती. आज तिथल्या संकेतांप्रमाणे, धुतल्या न जाणाऱ्या आणि भार पेलणाऱ्या भागांसाठी स्टेनलेसचा ३०४ हा प्रकार तर सोडाच, ३१६ सुद्धा चालत नाही. अधिक मोलिब्डेनम असलेले खास, महाग प्रकार लागतात किंवा मग नीट जस्तलेपित साधं पोलाद, जे गंजलं तर डोळ्यांना दिसतं तरी.

भोसरीच्या एमआयडीसीत कोणत्याही फॅब्रिकेटरला ३०४ आणि ३१६ मधला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. आणि तरी क्लबहाउसच्या ठेक्यात फॉल्स सीलिंगच्या टांगणीपुढे नुसतं 'एसएस' लिहिलेलं असतं. स्टेनलेस म्हणजे कायमचं, हा समज इथे घातक आहे. माझं स्पष्ट मत असं, की बंदिस्त तलावावर टांगतं छत घालूच नये. डक्ट, दिवे, पत्रा सगळं उघडं ठेवावं, डोळ्यांना दिसावं, हाताला लागावं, धुता यावं. सौंदर्यासाठी झाकलेली पोकळी ही त्या हॉलमधली सर्वांत धोक्याची जागा आहे. ज्या इमारतीत ती आधीच आहे, तिथे निदान वर्षातून एकदा छत उघडून एका जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने टांगणी तपासायला हवी.

आता यंत्रांकडे वळू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते. आपल्या हिशेबातल्या तलावातून दिवसाला नऊशे लिटर जातात, म्हणजे सहाशे युनिटांच्या आसपास उष्णता पाण्यातून निघून हवेत जाते. ती परत मिळवता येते. हीट पंपवर चालणाऱ्या डीह्युमिडिफायरमध्ये दमट हवा थंड कॉइलवरून जाते, बाष्पाचं पाणी होतं आणि त्यातून सुटलेली उष्णता पुन्हा तलावाच्या पाण्याला आणि हवेला दिली जाते. म्हणजे तलाव तापवण्याचं आणि हवा सुकवण्याचं काम एकाच यंत्रात होतं. अनेक सोसायट्यांत मात्र पाणी तापवायला वेगळा हीटर आणि हवेसाठी साधे स्प्लिट एसी असतात. एक यंत्र उष्णता ओततं, दुसरं ती बाहेर फेकतं आणि दोन्ही बिलं रहिवासी भरतात. शिवाय साध्या एसीच्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइल क्लोरामाइनपुढे टिकत नाहीत. तलावासाठीच्या यंत्रात त्यांवर इपॉक्सीचा लेप असतो.

सगळ्यांत स्वस्त उपकरणाचं नाव मात्र फार थोड्या लोकांच्या तोंडी असतं. तलावावर रात्री अंथरायचं आच्छादन. पाणी झाकलं की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, यंत्र मंद चालवता येतं, पाणी गार होत नाही. गुंडाळायचा रूळ आणि दोन माणसं, बस. रात्री यंत्र पूर्ण बंद करून बिल वाचवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे, कारण उघड्या तलावाशेजारी यंत्र बंद केलं की पहाटेपर्यंत सगळा हॉल ओलाचिंब होतो आणि सकाळी तो सुकवायला दुप्पट वीज जाते.

हे सगळं इथल्या माणसांना नवं आहे असं मुळीच नाही, आणि म्हणूनच मला ही हेळसांड जास्त खुपते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिनची पूड भरायची तर हवा कोरडी लागते, ओल लागली की औषध बिघडतं. त्यानंतर टेल्को आली, बजाज आली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले, महिंद्राही तिथेच. मोटारीच्या पेंट शॉपमध्ये पाण्यावर आधारलेला रंग फवारताना हवा २२-२५ अंशांवर आणि आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. आर्द्रता वाढली की रंग ओघळतो, कमी झाली की खरखरीत बसतो. बाहेर जुलैचा धो-धो पाऊस असो की मेचं ऊन, त्या बूथमधली हवा हलत नाही. थरमॅक्ससारखी उष्णता आणि शीतकरणातली कंपनी चिंचवडमध्येच आहे. हवा मोजणारे, डक्ट बनवणारे, सेन्सर जुळवणारे, कॉइल धुणारे लोक याच शहरात राहतात आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच सडक्या हॉलमध्ये आपल्या मुलांना पोहायला सोडतात. मोटारीच्या बॉनेटला जी हवा मिळते ती मुलांना मिळू नये, याला तांत्रिक कारण काहीच नाही. कारण एवढंच, की पेंट शॉपमध्ये हवा बिघडली की त्याच पाळीत माल नाकारला जातो आणि जबाबदार माणूस सापडतो. तलावात बिघाड दिसायला तीन वर्षं लागतात, तोवर बिल्डर सोसायटी हस्तांतरित करून निघून गेलेला असतो.

नियमांचीही एक बाजू आहे. पोहण्याच्या तलावातल्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे भारतीय मानक आहे. तलावाच्या फळ्यावर रोज पीएच आणि क्लोरीन लिहिलेलं दिसतं. हवेचं तापमान आणि आर्द्रता लिहिलेला फळा मला अजून कुठे दिसलेला नाही. महापालिका बांधकाम परवानगी देताना बंदिस्त तलावासाठी हवेचा आराखडा स्वतंत्र मागू लागली, तर निम्मा प्रश्न नकाशावरच सुटेल.

एक मूळ प्रश्नही विचारायला हवा. छत हवंच का? इथलं हवामान असं आहे की वर्षातले आठ-नऊ महिने उघड्यावर सुखाने पोहता येतं. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तालकटोऱ्याचा तलाव पूर्ण छताखाली घेतला, पण दिल्लीची थंडी आणि उन्हाळा दोन्ही टोकाचे. आपल्याकडे नुसती सावली आणि पावसापासून आडोसा हवा असेल तर चारी बाजूंनी मोकळा, उंच छताचा मंडप पुरतो. त्यात हवा आपली आपण वाहते, यंत्र लागत नाही, सडायला जिप्सम नसतं. सगळ्यांत वाईट पर्याय म्हणजे मधला. उघडा तलाव बांधून मग पॉलिकार्बोनेटचे पत्रे आणि सरकत्या काचा लावून तो अर्धा बंद करायचा. त्यात ना मोकळा वारा राहतो, ना यंत्रणा असते. शहरात हे प्रकार वाढत आहेत.

बंदिस्त तलावाची खरी गरज ज्यांना आहे ते लोक वेगळे आहेत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली आजी, पक्षाघातातून उठणारा माणूस, विशेष गरजांची मुलं. त्यांना ३३-३४ अंशांचं कोमट पाणी लागतं, वारा लागून चालत नाही आणि पावसाळ्यात चार महिने उपचार थांबवून चालत नाही. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यानंतर पाण्यामुळे पुन्हा उभे राहिले आणि पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. त्यांच्यासारख्या माणसांचा वारसा सांगणाऱ्या या शहरात उपचारासाठीचे चांगले बंदिस्त तलाव असायलाच हवेत. पाणी जितकं गरम तितकं बाष्प जास्त, त्यामुळे अशा तलावाला हवेची यंत्रणा आणखी तगडी लागते. महापालिकेने पैसे घालायचे तर तिथे घालावेत. सोसायट्यांच्या काचेच्या चौकोनांपेक्षा त्याची गरज मोठी आहे.

ज्यांच्या सोसायटीत बंदिस्त तलाव आधीच आहे त्यांना एक सांगणं. काही शे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. ते तलावाच्या हॉलमध्ये, पाण्यापासून थोडं दूर, डोक्याच्या उंचीवर लावा. सुरक्षारक्षकाकडून सकाळी, दुपारी आणि रात्री आकडे वहीत लिहून घ्या. जून ते सप्टेंबरचे आकडे घेऊन पुढच्या सर्वसाधारण सभेला जा. आर्द्रता सतत सत्तरच्या वर असेल तर रंगाऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवा आणि हवेचं काम जाणणाऱ्या इंजिनिअरला बोलावा. बहुधा तो तुमच्याच इमारतीत राहत असेल.